दुसरी पसंती विचारण्याबद्दल : एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपण प्रतिक्रियेखाली नावाऐवजी ‘एक निवृत्त मुख्याध्यापक’ एवढेच लिहिले आहे, म्हणून आपल्याला सर म्हणतो. पसंतीक्रमाच्या मतदानावरील माझ्या लेखाला आपण इतके सविस्तर आणि परखड उत्तर दिलेत, त्याबद्दल प्रथम आभार. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा आशय थोडक्यात सांगतो. मतदाराने एकाच उमेदवारावर शिक्का न मारता उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा क्रम लिहावा. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे द्याव्यात आणि कोणी एक निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालू ठेवावे, असे मी सुचवले होते.

त्यावर आपले म्हणणे असे की, खुद्द डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत हा विचार नाकारला होता. विधान परिषदेच्या निवडणुकीत पदवीधरांनासुद्धा जी मतपत्रिका नीट भरता येत नाही ती शेतमजुराच्या हातात देणे अन्यायाचे आहे. अशाने सरकारे अस्थिर होतील. महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागांनी काय गोंधळ घातला ते आपण पाहतोच आहोत. आणि शेवटी, ही सगळी हरलेल्यांची तक्रार आहे.

आपला एक आक्षेप मला सुरुवातीलाच मान्य केला पाहिजे. माझ्या लेखात ‘पसंतीक्रमामुळे पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतील’ असे एक वाक्य होते. ते चुकीचे आहे आणि आपण ते नेमके पकडलेत. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा असेल, तर पसंतीक्रम आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी राहतात. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीगृहात शंभर वर्षांहून अधिक काळ पसंतीक्रमाने मतदान होते, तरी २०२५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची सुमारे ३५ टक्के मते आणि १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. पसंतीक्रमाने त्या त्या मतदारसंघातील निवाडा अधिक न्याय्य होतो. सभागृहाचा तोल आपोआप साधला जात नाही. मी हे दोन मुद्दे एकात मिसळायला नको होते.

आता डॉ. आंबेडकरांविषयी. जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली होती आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही, हे आपण अगदी बरोबर सांगितलेत. त्यांच्या उत्तराचे दोन आधार होते. या पद्धतीत प्रत्येक मतदाराला निदान आकडे ओळखता आणि लिहिता आले पाहिजेत, आणि देशातील निरक्षरता पाहता ती अपेक्षा अवाजवी होती, हा पहिला. विधिमंडळाचे लहान लहान तुकडे पडून सरकार टिकणार नाही, हा दुसरा. पण पहिला आधार हा त्या काळातील परिस्थितीविषयीचा होता, तत्त्वाविषयीचा नव्हता. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर गेली. आकडा लिहिता न येणारे मतदार आजही आहेत आणि त्यांचा विचार मी पुढे करणार आहे. परंतु १९४९ चे उत्तर आज जसेच्या तसे लागू करणे बाबासाहेबांच्याच विचारपद्धतीला धरून होणार नाही, असे मला मनापासून वाटते.

असे म्हणण्याला कारण आहे. १९४९ मधले ते उत्तर हा या विषयावरचा त्यांचा शेवटचा शब्द नव्हता. भाषावार राज्यांविषयी १९५५ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी एकसदस्यीय मतदारसंघांऐवजी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ करून त्यांत एकत्रित मतदानाची पद्धत आणावी असे सुचवले आहे. एकत्रित मतदान म्हणजे जितक्या जागा तितकी मते मतदाराच्या हाती देणे आणि ती सगळी एकाच उमेदवाराला टाकण्याची मुभा ठेवणे. मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीत ही पद्धत प्रत्यक्ष वापरली गेली होती आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेब स्वतः त्या निवडणुकीत मुंबई शहरातून निवडून आले होते. पुढे १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देण्यास मनाई होती. तेथे काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून बाबासाहेबांचा चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभव झाला, आणि बाद ठरलेल्या मतांचा प्रश्न घेऊन त्यांनी आणि समाजवादी नेते अशोक मेहतांनी निवडणूक याचिकाही दाखल केली. मतपत्रिकेवर खूण कशी करायची याचा नियम बदलला की कोण निवडून येते हेही बदलते, याचा इतका जवळून अनुभव घेतलेला दुसरा घटनाकार मला आठवत नाही. त्यांनी आज पसंतीक्रमालाच पाठिंबा दिला असता असा दावा मी करणार नाही, कारण १९५५ मध्ये त्यांनी सुचवलेली पद्धत वेगळी आहे. परंतु ‘सर्वाधिक मते मिळवणारा विजयी’ या नियमावर ते संतुष्ट होते असेही कोणी म्हणू नये.

पदवीधरांच्या बाद मतांचा आपला मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर मला पुस्तकातून नव्हे तर टेबलावरून द्यायचे आहे. महाविद्यालयात शिकवत असताना विधान परिषदेच्या एका पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीसाठी माझी नेमणूक झाली होती. पेट्या उघडून सगळ्या मतपत्रिका एकत्र मिसळायच्या, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे, एकेका टेबलावर हजार मतपत्रिका द्यायच्या आणि मग वैध-अवैध छाननी करायची, असा तो क्रम असतो. मतदाराने केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच आकडा लिहायचा असतो. तो १ असा मराठीत, इंग्रजीत, रोमन पद्धतीने किंवा कोणत्याही भारतीय भाषेच्या अंकात चालतो; पण अक्षरांत चालत नाही.

त्या दिवशी माझ्या हातात एक मतपत्रिका आली, तिच्यावर अतिशय वळणदार अक्षरात एका नावापुढे ‘एक’, दुसऱ्यापुढे ‘दोन’ आणि तिसऱ्यापुढे ‘तीन’ असे लिहिलेले होते. ती बाद झाली. दुसऱ्या एका मतपत्रिकेवर एकाच नावापुढे बरोबरची खूण होती आणि बाकी कागद कोरा होता. तीही बाद. एकीवर १ अगदी नियमानुसार होता, परंतु मतदाराने खाली सही केली होती, त्यामुळे मतदाराची ओळख उघड होते म्हणून तीही बाद. दिवसभरात मी असे किती कागद बाजूला ठेवले असतील! पण यांपैकी पसंतीक्रम म्हणजे काय हे कळलेच नाही असे मतदार थोडे होते. ‘एक, दोन, तीन’ लिहिणाऱ्याला तर ते पुरते कळले होते. बाद झाले ते त्याने अक्षर वापरले म्हणून. अमरावती पदवीधर मतदारसंघाची २०२३ ची मतमोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली आणि हजारो मते अवैध ठरली, हे उदाहरण आपण दिले आहे. तेथेही पद्धतीपेक्षा नियमाच्या काटेकोरपणाचा दोष किती, याचा विचार व्हायला हवा.

नियम मवाळ करता येतात, आणि त्यासाठी लांब जायला नको. श्रीलंकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदाराला तीन पसंती देता येतात, पण ज्याला एकाच उमेदवाराला मत द्यायचे आहे त्याने नुसती फुली केली तरी ते मत धरले जाते. आकडा लिहिता न येणाऱ्या मतदाराचे यात काहीच हिरावले जात नाही. तो आज जसे मत देतो तसेच देऊ शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे पहिल्या मोजणीत अनुरा कुमार दिसानायके यांना ४२ टक्क्यांच्या आसपास आणि सजित प्रेमदासा यांना ३३ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, कोणीच निम्म्यावर गेले नाही, आणि त्या देशाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मोजणी करावी लागली. मतदारांतील फार थोड्यांनी दुसरी पसंती लिहिली होती, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पद्धत कायद्यात असली म्हणून लोक ती लगेच वापरू लागतात असे नाही. सवय लागायला काही निवडणुका जाव्या लागतात. परंतु गोंधळ झाला नाही, निकाल सर्वांनी मानला आणि मोजणी हातानेच झाली. पापुआ न्यू गिनीसारख्या, शेकडो भाषा असलेल्या आणि साक्षरता आपल्यापेक्षा कमी असलेल्या देशातही २००७ पासून सार्वत्रिक निवडणुकीत मतदार तीन पसंती देतात. त्याआधी तेथे वीस टक्क्यांहूनही कमी मतांवर अनेक सदस्य निवडून येत असत.

सर, आपल्याला ज्या गोष्टीची भीती वाटते ती आपल्याकडे आधीपासूनच आहे, फक्त ती सामान्य मतदाराच्या हातात नाही. राष्ट्रपती, राज्यसभा, विधान परिषद या सगळ्या निवडणुका पसंतीक्रमाने होतात. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य (खासदार-आमदारांच्या मतांना ठरवून दिलेल्या वजनाची बेरीज) मिळाले. कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारे मतमूल्य, ४,१८,१६९ चा होता. खालच्या उमेदवारांची आणि शेवटी चिंतामणरावांची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली गेली, तेव्हा रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले आणि गिरी ४,२०,०७७ वर विजयी झाले. पहिल्या मोजणीत जवळपास अठ्ठ्याऐंशी हजारांचे दिसणारे अंतर शेवटी पंधरा हजारांच्या आत आले. चिंतामणरावांना मत देणाऱ्यांचे त्यांच्यानंतरचे मत काय होते, हे त्या दिवशी देशाला कळले.

जून २०२२ मधील राज्यसभेची निवडणूक तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर झाली. सहा जागांसाठी सात उमेदवार होते. पहिल्या पसंतीत शिवसेनेचे संजय पवार यांना ३३ आणि भाजपचे धनंजय महाडिक यांना २७ मते होती, तरी भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते देऊन कोट्याच्या वरची शिल्लक महाडिकांकडे वळेल अशी आखणी झाली होती, आणि महाडिक निवडून आले. मतदानाआधी कोणत्या आमदाराने दुसरी पसंती कोणाला द्यायची याचे तक्ते आखले गेले, हॉटेलांतील बैठकांत त्याची उजळणी झाली. आमदारांना दुसऱ्या पसंतीचे मोल पैशा-पैशापर्यंत कळते. तेच आमदार ज्या मतदारांनी निवडून दिले, त्यांना मात्र दुसरी पसंती विचारायची नाही, कारण त्यांना ते जमणार नाही, हे मला पटत नाही. यात माझा राग आहे, तो लपवत नाही.

‘हरलेल्यांची तक्रार’ या आक्षेपाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात माझ्या हेतूवर संशय आहे. २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५० आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८ मते मिळाली. २०२४ मध्ये अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे यांना ४,५७,०३०, काँग्रेसचे अभय पाटील यांना ४,१६,४०४ आणि प्रकाश आंबेडकर यांना २,७६,७४७ मते मिळाली. एका ठिकाणी मतविभागणीचा फटका एका बाजूला बसला असे लोक म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या बाजूला. मी या दोन्ही निकालांत कोण जिंकायला हवा होता हे सांगत नाही, कारण ते मला माहीत असणे शक्यच नाही. हर्षवर्धन जाधवांच्या पावणेतीन लाखांहून अधिक मतदारांनी दुसऱ्या क्रमांकावर कोणाला ठेवले असते, प्रकाश आंबेडकरांच्या पावणेतीन लाखांहून अधिक मतदारांनी कोणाला ठेवले असते, हे आपण त्यांना विचारलेच नाही. या लाखो लोकांवर निकालानंतर ‘यांनी मते खाल्ली’ असा आरोप होतो. आवडत्या उमेदवाराला मत दिले म्हणून नागरिकाला अपराधी वाटावे, ही स्थिती मला मान्य नाही, मग तो उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो.

ऑस्ट्रेलियाने १९१८ मध्ये नियम बदलला तोही असाच. त्या वर्षी स्वान येथील पोटनिवडणुकीत एका विचाराच्या दोन उमेदवारांना मिळून साठ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि मजूर पक्षाचा उमेदवार सुमारे ३४ टक्क्यांवर निवडून आला. त्याच वर्षी पसंतीक्रमाचा कायदा झाला. सत्ताधाऱ्यांनी तो स्वतःच्या सोयीसाठी केला, हे खरे आहे. पण त्यानंतर तो सर्वच पक्षांच्या उपयोगी पडला आहे.

पसंतीक्रमाने काय होणार नाही, तेही सांगतो. २०१४ मध्ये रायगडमध्ये अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले आणि पराभूत सुनील तटकरे यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते मिळाली. नामसाधर्म्याचा उमेदवार उभा करून मतदाराला फसवण्याचा प्रकार पसंतीक्रमाने पुरता थांबणार नाही, कारण फसलेला मतदार फसव्या नावापुढेच १ लिहील. पैसा, पक्षांतर, उमेदवारीचा लिलाव यांवरही हा उपाय नाही.

अस्थिरतेच्या मुद्द्यावर मला फार लिहायचे नाही. आजच्या पद्धतीतही १९८९ पासून २०१४ पर्यंत लोकसभेत एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नव्हते, आणि महाराष्ट्रात १९९० पासून कोणत्याही एका पक्षाने विधानसभेत स्वतःचे बहुमत मिळवलेले नाही. २०१९ च्या एका विधानसभेने पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले. त्याला कारणीभूत झाले ते पक्षांतील व्यवहार. मतपत्रिकेवर क्रम असता तर ते झाले असते वा नसते, याचा संबंध जोडता येत नाही.

प्रभागांबद्दल मात्र आपले निरीक्षण खरे असूनही निष्कर्ष चुकला आहे असे मला वाटते. आपल्या महापालिकांच्या चार सदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबतो. म्हणजे एकाच मोठ्या प्रभागात एकाच वेळी चार ‘सर्वाधिक मते तो विजयी’ निवडणुका होतात. प्रभागातील चाळीस टक्के मतदार एका पॅनेलच्या मागे उभे राहिले आणि बाकीचे तिघाचौघांत विभागले गेले, तर चारही जागा त्या पॅनेलला जातात. नागरिकाचा नगरसेवक कोण हे कळत नाही, चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि विरोधाचा आवाज मात्र पार नाहीसा होतो. आपण ज्या गोंधळाविषयी लिहिले आहे तो हाच. राज्यसभेला जी पद्धत आहे ती या प्रभागात वापरली, तर चार जागांसाठी कोटा वैध मतांच्या एक-पंचमांशाहून किंचित अधिक येईल. चाळीस टक्क्यांच्या गटाला दोन जागांच्या आसपास मिळतील आणि उरलेल्या दोन इतरांना. चार सदस्यांचा प्रभाग ठेवायचाच असेल, तर तो ठेवण्याला अर्थ तेव्हाच येतो. आरक्षित जागांची सांगड त्यात कशी घालायची हा प्रश्न अवघड आहे; त्यावर माझे समाधानकारक उत्तर अजून तयार नाही.

मतदानयंत्राचा आपला प्रश्न व्यावहारिक आहे. लोकसभेच्या एका मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार असतात. तेवढ्या मतपत्रिकांची पसंतीक्रमाने हातमोजणी करणे म्हणजे आठवड्याचे काम आणि तितक्या दिवसांच्या बंदोबस्ताचा खर्च. म्हणून मी मूळ लेखात लोकसभेपासून सुरुवात सुचवायला नको होती. सुरुवात थेट नगराध्यक्ष आणि थेट सरपंच या निवडणुकांपासून व्हावी. तेथे पद एकच असते, उमेदवार पुष्कळ असतात, मतपत्रिका काही हजारांत मोजायच्या असतात, आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. पुढे विधानसभेचा विचार करायचा झाला तरी ‘सर्वाधिक मते मिळवणारा विजयी’ हे शब्द राज्यघटनेत कोठेही नाहीत; घटना प्रादेशिक मतदारसंघातून थेट निवडणूक मागते, बाकी कायद्याचा आणि नियमांचा भाग आहे.

आपण प्रतिक्रियेच्या शेवटी आपल्या नगरपरिषदेविषयी लिहिले आहे, की नगराध्यक्षपदासाठी सात जण उभे होते, निवडून आलेल्याला एक तृतीयांशही मते नव्हती, आणि उरलेल्यांतील दोघांच्या घरचे लोक आता एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. आपण ते माझ्या विरोधात, राजकारण माणसांना तोडते आणि कोणतीही पद्धत त्यावर इलाज नाही, या अर्थी लिहिलेत. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. त्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या घरी जाऊन ‘पहिले मत तुमच्या माणसाला द्या, दुसरे मला द्या’ असे म्हणता आले असते, तर प्रचारातील भाषा थोडी तरी वेगळी झाली असती. ऑस्ट्रेलियात मतदान केंद्राबाहेर पक्षांचे कार्यकर्ते आपल्या उमेदवारापुढे १ आणि दुसऱ्या कोणत्या उमेदवाराला २ द्यावे हे छापलेले पत्रक वाटतात. ज्याच्याकडे आपली दुसरी पसंती मागायची, त्याच्या कार्यकर्त्याला उघड शिव्या देता येत नाहीत.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाविषयीचे चुकीचे वाक्य मी मूळ लेखातून आज काढून टाकले आहे आणि दुरुस्ती कोणी सुचवली ते तेथे नमूद केले आहे. लोकसभेऐवजी नगराध्यक्ष आणि सरपंच यांच्यापासून सुरुवात करण्याचा बदलही त्याच ठिकाणी केला आहे. आपल्या नगरपरिषदेच्या त्या निवडणुकीचे उमेदवारनिहाय आकडे आपल्याकडे असतील तर कृपया पाठवावेत; सात उमेदवारांत मागून एकेक जण बाद होत गेला असता तर मोजणी किती फेऱ्यांत संपली असती, ते कागदावर मांडून पाहायचे आहे.

आपला नम्र